एसएमपीएस आणि केजचा उन्हाळा

एसएमपीएस म्हणजे काय

डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटमध्ये मागच्या बाजूला पत्र्याची एक बंद पेटी असते. भिंतीवरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज, म्हणजे एसी, घ्यायची आणि मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांना चालणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची दिष्ट वीज, म्हणजे डीसी, द्यायची, हे तिचे काम. दुकानात आणि दुरुस्तीच्या टेबलावर तिला एकाच नावाने ओळखतात: एसएमपीएस, म्हणजे स्विच्ड-मोड पॉवर सप्लाय. संगणकाच्या प्रत्येक भागाची वीज याच पेटीतून जात असल्यामुळे तिच्यातला दोष तिच्यापुरता राहत नाही. संगणक मध्येच बंद पडतो, हार्ड डिस्क खराब होते, मेमरीत बिघाड आहे असे समजून मेमरी बदलली जाते आणि तक्रार तशीच राहते.

खरेदीच्या वेळी या पेटीविषयी बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: किती वॅटचा? हा प्रश्न अर्धा आहे. 'किती अंश तापमानाला?' हा त्याचा उरलेला अर्धा भाग. बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटच्या पठारावरच्या केजमध्ये एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. अशा गावात हा दुसरा अर्धा भागच निर्णायक ठरतो.

स्विचिंगचे तत्त्व

व्होल्टेज उतरवण्याची जुनी पद्धत सरळ होती. लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर वीज खाली आणी आणि जास्तीचे व्होल्टेज ट्रान्झिस्टर उष्णतेच्या रूपाने जाळून टाकी. निम्मी वीज अशीच वाया जाणे सामान्य होते. स्विचिंग पद्धतीत ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो, नाही तर पूर्ण बंद. चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसते आणि बंद असताना त्यातून प्रवाह नसतो, म्हणून दोन्ही स्थितींत नुकसान अल्प होते. ही उघडझाप सेकंदाला हजारो वेळा होते. वारंवारता जितकी जास्त, तितका ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान पुरतो, म्हणून काही किलोंच्या लोखंडाचे काम मुठीत मावणारा फेराइटचा गाभा करतो.

१९७७ च्या ॲपल-२ संगणकात रॉड होल्ट यांनी रचलेला स्विचिंग वीजपुरवठा होता आणि त्यामुळेच त्या यंत्राची पेटी आटोपशीर राहिली. १९८१ च्या आयबीएम पीसीचा एसएमपीएस केवळ ६३.५ वॅटचा होता. आज ग्रामपंचायतीत किंवा सेतू केंद्रात चालणाऱ्या साध्या संगणकाची रोजची गरजही साधारण ६० ते १०० वॅटच आहे. मागच्या स्टिकरवर मात्र ४५० लिहिलेले असते. या दोन आकड्यांतल्या अंतराचा विचार पुढे येईल.

आतली वाट

वीज आत आल्यावर प्रथम फ्यूज, मग जादा व्होल्टेज शोषणारा व्हॅरिस्टर आणि विद्युत गोंगाट अडवणारी फिल्टरची वेटोळी. पुढे ब्रिज रेक्टिफायर २३० व्होल्ट एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि ते एका मोठ्या प्राथमिक कपॅसिटरमध्ये साठते. चांगल्या एसएमपीएसमध्ये याच टप्प्यावर पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट असते. ते हे व्होल्टेज ३८० ते ४०० पर्यंत चढवून स्थिर ठेवते. नंतर स्विचिंग ट्रान्झिस्टर, फेराइट ट्रान्सफॉर्मर, दुय्यम बाजूचे रेक्टिफायर आणि शेवटी कॉइल व कपॅसिटर यांची चाळणी. बाहेर गेलेले व्होल्टेज किती आहे याची बातमी प्रकाशाच्या आधारे चालणारा ऑप्टोकपलर मागे पाठवतो आणि त्यानुसार स्विचिंग कमी-जास्त होते.

याखेरीज एक छोटे सर्किट कायम जागे असते. संगणक बंद असतानाही सॉकेट चालू असेल तर ते ५ व्होल्टचा राखीव पुरवठा देत राहते आणि बटण दाबल्यावर मुख्य भागाला उठवते. संगणक बंद म्हणजे पंखाही बंद. हे सर्किट मात्र वाऱ्याशिवाय तापत राहते. स्वस्त एसएमपीएसमध्ये पहिला बळी अनेकदा याच कोपऱ्यातल्या लहान कपॅसिटरचा जातो. काल संध्याकाळपर्यंत नीट चाललेला संगणक सकाळी उठतच नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे सापडते.

उष्णता कुठे निर्माण होते

आत आलेली आणि बाहेर दिलेली वीज यांतला फरक म्हणजे उष्णता. संगणक ३०० वॅट घेत आहे आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के आहे असे धरले, तर सॉकेटमधून ३७५ वॅट ओढले जातात आणि ७५ वॅट पेटीतच राहतात. कार्यक्षमता ९० टक्के असेल तर ३३३ वॅट ओढले जातात आणि आत फक्त ३३ वॅट उरतात. कार्यक्षमता १० टक्क्यांनी वाढली, पण पेटीतली उष्णता निम्म्याहून कमी झाली. शीतकरणाच्या दृष्टीने बघायचे ते याच दुसऱ्या आकड्याकडे. चांगली रचना म्हणजे मोठा पंखा नव्हे. पंख्याला काम कमी उरेल अशी मांडणी.

ही बचत कुठून होते हे एका टप्प्यावरून दिसते. दुय्यम बाजूला शॉटकी डायोड वापरला तर त्यावर सुमारे अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. २० अँपिअर प्रवाहाला ते १० वॅट झाले. त्याऐवजी ४ मिलिओहम रोधाचा मॉसफेट ठरावीक क्षणी चालू-बंद केला तर तेच नुकसान १.६ वॅटवर येते. याला सिंक्रोनस रेक्टिफिकेशन म्हणतात. मात्र मॉसफेटचा रोध तापमानाबरोबर वाढतो. २५ अंशांच्या तुलनेत १०० अंशांना तो साधारण दीडपट होतो. तापलेला भाग त्यामुळे आणखी उष्णता निर्माण करतो. शीतकरण कमी पडले की कार्यक्षमताही घसरते, आणि कार्यक्षमता घसरली की शीतकरण आणखी कमी पडते.

येणारे व्होल्टेज कमी असले तरी हेच घडते. एसएमपीएस ठरलेली शक्ती देतच राहतो, म्हणून २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर तो सुमारे २८ टक्के जास्त प्रवाह ओढतो. तारा आणि स्विच यांतले रोधामुळे होणारे नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे ६३ टक्क्यांनी. शेतीपंप सुरू झाले की एकाच डीपीवर असलेल्या घरांतले दिवे मंदावतात. त्याच वेळी संगणकाच्या पेटीत ही वाढ चाललेली असते.

लेबलवरचे वॅट

स्टिकरवरचा मोठा आकडा आणि त्याखालचा बारीक तक्ता यांत तक्ता अधिक खरा. समजा ४५० वॅट असे ठळक लिहिले आहे आणि तक्त्यात १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर आहे. म्हणजे १२ व्होल्टवर मिळणारी शक्ती १९२ वॅट. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, त्यामुळे अशा पेटीची उपयुक्त क्षमता दोनशे वॅटच्या आतच मानावी लागते. उरलेला आकडा ५ आणि ३.३ व्होल्टच्या ओळींचा, ज्यांचा उपयोग आता थोडाच उरला आहे.

यापुढची गोष्ट तक्त्यातही सहसा नसते. ती म्हणजे ही क्षमता किती अंशांना मोजली. एटीएक्स या डेस्कटॉप संगणकांच्या मानकासाठी इंटेलने काढलेल्या मार्गदर्शिकेत पूर्ण भारावर ५० अंशांपर्यंतच्या हवेत काम करणे अपेक्षित धरले आहे. ही हवा खोलीतली नव्हे, एसएमपीएसच्या तोंडाशी असलेली. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांनी गरम असणे अगदी सामान्य आहे. वातानुकूलित २५ अंशांच्या कार्यालयात तोंडाशी ३५ अंश येतात आणि १५ अंशांची मोकळीक राहते. केजच्या बाजारपेठेत पत्र्याचे छत असलेल्या गाळ्यात दुपारी खोलीच ४० अंशांची असेल तर तोंडाशी ५० होतात आणि मोकळीक शून्य होते. ज्या पेटीची क्षमता २५ किंवा ४० अंशांनाच मोजलेली असेल ती या गाळ्यात आपल्या आकड्याला पुरी पडत नाही. तापमान वाढेल तशी मान्य क्षमता उतरवत नेण्याला डीरेटिंग म्हणतात. प्रामाणिक उत्पादक त्याचा आलेख देतो.

परळीचे उदाहरण

शीतकरणाशिवाय वॅट नाहीत, हे तत्त्व बीड जिल्ह्याने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात २५० मेगावॅटचे संच आहेत. अशा केंद्रात कोळशातल्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा थंड पाण्याकडे सोपवावा लागतो. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावे लागले आणि २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तेच झाले. यंत्रे धडधाकट होती आणि पाटीवरची क्षमताही तीच होती, पण उष्णता टाकायला जागा नसल्यामुळे उत्पादन शून्यावर आले. टेबलाखालच्या पेटीत पाण्याच्या जागी हवा असते, एवढाच फरक.

हवेचा हिशेब

एक लिटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे १.२ ज्यूल लागतात. एवढ्या एका आकड्यावर कॅबिनेटचे शीतकरण मोजता येते. उष्णता वॅटमध्ये घ्यायची, तिला १.२ ने आणि हवा किती अंशांनी तापलेली चालेल त्या आकड्याने भागायचे; दर सेकंदाला किती लिटर हवा हवी ते निघते. ८० वॅटच्या कार्यालयीन संगणकात वाढ १० अंशांवर रोखायची तर सेकंदाला ६.७ लिटर हवा पुरे. हे काम साधा पंखाही करतो.

केजमध्ये खरी कसोटी लागते ती फोटो स्टुडिओत. लग्नसराई आणि कडक ऊन एकाच वेळी येतात. एप्रिल-मेमध्ये लग्नांचे व्हिडिओ मिक्सिंग करणारे संगणक तासन्‌तास पूर्ण भारावर चालतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून २०० वॅट सहज होतात. त्यांना १० अंशांच्या वाढीसाठी सेकंदाला सुमारे १७ लिटर हवा लागते. जाळी धुळीने बुजून प्रवाह ६ लिटरवर आला तर वाढ जवळजवळ २८ अंशांची होते. खोली ४० अंशांची असेल तर आतली हवा ६८ अंशांवर जाते आणि एसएमपीएसला थंड होण्यासाठी हीच हवा मिळते. खोलीच्या तापमानापेक्षा आतली हवा थंड करणे कोणत्याही पंख्याला शक्य नाही. पंखा फक्त दोहोंतला फरक कमी करतो.

हवेची दिशा

१९९५ मध्ये एटीएक्स मानक आले तेव्हा एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी अशी कल्पना होती. एकाच पंख्यात दोन कामे होतील हा हेतू. पण प्रोसेसरला मिळणारी हवा एसएमपीएसमधून तापून येऊ लागली आणि प्रोसेसरची उष्णता वाढत गेली तशी ही मांडणी मागे पडून पंखा हवा बाहेर टाकणारा झाला. मग अडचण उलटली: वरच्या बाजूला बसवलेला एसएमपीएस प्रोसेसरची तापलेली हवा पिऊ लागला. नव्या कॅबिनेटमध्ये तो तळाशी असतो आणि खालच्या जाळीतून स्वतःपुरती ताजी हवा घेतो. उष्णतेच्या हिशेबाने ही मांडणी सरस आहे. मात्र कॅबिनेट फरशीवर ठेवले तर तळाची जाळी म्हणजे झाडूने उडालेल्या धुळीचे दारच होते. वीतभर उंच स्टुलावर ठेवलेले कॅबिनेट याच कारणाने जास्त टिकते.

पेटीच्या आतही दिशा महत्त्वाची. १२० मिलिमीटरचा पंखा हवा खालून किंवा वरून सर्किटवर सोडतो, पण ती मागच्या जाळीकडे सरळ निसटू नये म्हणून अनेक उत्पादक पंख्याच्या काही भागावर पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा लावतात. पंखा झाकल्यासारखा दिसणारा हा तुकडा दुरुस्तीत काढून टाकला जातो. तो परत लावला नाही तर दूरच्या कोपऱ्यातल्या कपॅसिटरांना वाराच पोहोचत नाही.

पंखा

पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, हवेचा दाब चौपट होतो, पण पंख्याला लागणारी शक्ती आठपट होते. आवाजही सुमारे १५ डेसिबलने वाढतो. म्हणून मोठ्या पात्यांचा सावकाश फिरणारा पंखा लहान पात्यांच्या वेगवान पंख्यापेक्षा सुखाचा असतो. ८० मिलिमीटरच्या मागच्या पंख्याची जागा १२० मिलिमीटरच्या पंख्याने घेतली ती यामुळे. वेगावर नियंत्रण हीटसिंकजवळचा थर्मिस्टर ठेवतो. कमी भारावर पंखा पूर्ण थांबवण्याची सोय काही महागड्या एसएमपीएसमध्ये असते. थंड, शांत खोलीत तिचे कौतुक योग्य आहे. केजच्या मे महिन्यात ती बंद ठेवावी, कारण थांबलेल्या पंख्याने वाचणाऱ्या आवाजापेक्षा कपॅसिटरचे घटणारे आयुष्य महाग पडते.

बेअरिंगचा प्रकार हा खर्च वाचवण्याचा नेहमीचा कोपरा. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधले तेल उष्णतेने आटते, मग पंखा घरघरतो आणि एक दिवस अडकतो. बॉल बेअरिंग उष्णता जास्त सोसते, पण आवाज करते. फ्लुइड बेअरिंग दोन्ही बाजूंनी बरी, किमतीने जास्त.

धूळ

केज तालुका कापूस आणि सोयाबीनचा. कापसाच्या हंगामात हवेत तरंगणारे बारीक तंतू मातीच्या कणांपेक्षा घातक ठरतात, कारण ते जाळीतून पलीकडे जात नाहीत. तिथेच अडकून नमद्यासारखा थर धरतात आणि त्या थरात मग माती अडकते. उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीत तापमान उतरते हे एसएमपीएसच्या हिताचेच, पण दमट हवेत हीच धूळ पात्यांवर आणि सर्किटवर घट्ट बसते. उच्च व्होल्टेजच्या दोन बिंदूंमध्ये ओलसर धूळ साचली तर तिच्यातून गळती प्रवाह वाहू शकतो. पावसाच्या पहिल्या आठवड्यात एसएमपीएस उडण्याच्या तक्रारी वाढल्या तर दोष केवळ विजांच्या कडकडाटाला देऊ नये.

कपॅसिटरचे आयुष्य

एसएमपीएसमधला सर्वांत आधी म्हातारा होणारा भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्यात द्रव असतो आणि तो रबरी बुचातून अतिशय हळू उडून जात असतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते आणि १० अंशांनी उतरले की दुप्पट. कपॅसिटरच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश असे छापलेले असते. त्या तापमानाला तो किती तास टिकेल हे उत्पादक सांगतो.

समजा आतला कपॅसिटर ७५ अंशांवर राहतो आणि संगणक वर्षाला ३०० दिवस, रोज ८ तास, म्हणजे २,४०० तास चालतो. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ७५ अंशांना त्याच्या आठपट, १६,००० तास टिकेल. म्हणजे साडेसहा वर्षांहून जास्त. ८५ अंशांना २,००० तास टिकणारा मात्र ७५ अंशांना ४,००० तास, म्हणजे दोन वर्षांच्या आतच संपेल. दोहोंच्या किमतीत फरक थोडा, आयुष्यात चौपट. आणि खोली वर्षभर १० अंशांनी थंड राखता आली तर स्वस्त कपॅसिटरचेही आयुष्य दुप्पट होते. रचनेचा दर्जा आणि शीतकरण हे दोन वेगळे गुण नाहीत, एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत, हे इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

द्रव कमी झाला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. मग बाहेर जाणाऱ्या डीसीतली लहर, म्हणजे रिपल, वाढते आणि त्या लहरीनेच कपॅसिटर आतून आणखी तापतो. एटीएक्स मार्गदर्शिकेने १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्ट एवढीच लहर मान्य केली आहे. ती ओलांडली तरी संगणक लगेच बंद पडत नाही; लहर निस्तरण्याचे काम मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांवर येते आणि ते झिजू लागतात. वरून फुगलेला कपॅसिटर हे शेवटच्या अवस्थेचे लक्षण. द्रव संपूनही टोपी सपाट राहिलेले कपॅसिटर पुष्कळ असतात.

८० प्लसचे चिन्ह

२००४ पासून चालत आलेले हे प्रमाणपत्र कार्यक्षमता सांगते. मूळ पायरीवर २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता लागते. ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्राँझला ८२, ८५, ८२ आणि गोल्डला ८७, ९०, ८७. चिन्ह उपयोगी आहे, कारण कमी कार्यक्षमतेची कसातरी जुळवलेली पेटी या परीक्षेत उतरत नाही. पण चाचणी सुमारे २३ अंशांच्या खोलीत होते. व्होल्टेज किती स्थिर, लहर किती, पंखा कसा, ५० अंशांना काय होते, यांतले काहीच ते सांगत नाही. गोल्ड म्हणजे मजबूत असा समज त्यामुळे चुकीचा. शिवाय ४५० वॅटच्या पेटीवर ५० वॅटचा संगणक चालला तर भार ११ टक्के होतो. मूळ, ब्राँझ आणि गोल्ड या तिन्ही पायऱ्या त्या जागी काहीच मोजत नाहीत. साध्या कार्यालयीन संगणकासाठी प्रामाणिक ३०० वॅटचा एसएमपीएस फुगवलेल्या ४५० पेक्षा नेहमीच चांगला.

लाइट जाते तेव्हा

वीज खंडित झाल्यावरही एसएमपीएसने किमान १६ मिलिसेकंद पुरवठा चालू ठेवावा, अशी अपेक्षा आहे. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणजे हा अवधी एका आवर्तनाहूनही थोडा कमी. ही ऊर्जा प्राथमिक कपॅसिटरमधून येते. ३३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३९० व्होल्टवरून ३०० पर्यंत उतरेतो सुमारे १० ज्यूल देतो. आत ४४४ वॅट आणि बाहेर ४०० वॅट असा भार असेल तर ते २३ मिलिसेकंद पुरतात. त्या जागी २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला तर साधारण १५ मिलिसेकंदच मिळतात. काही रुपयांची ही बचत प्रत्येक झटक्याला संगणक बंद करते, आणि म्हातारा झालेला मोठा कपॅसिटरही तेच करतो.

घरगुती इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' अशी कळ असते. नॉर्मलवर तो कमी व्होल्टेजही चालवून घेतो, पण बॅटरीवर जायला जास्त वेळ लावतो, आणि तेवढ्या वेळात संगणक बंद पडतो. कळ यूपीएसवर असली तर बहुतेक एसएमपीएस तग धरतात. दुसरी अडचण तरंगाच्या आकाराची. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पॉवर फॅक्टर सुधारणारे एसएमपीएस कधी गुणगुणतात, कधी बंद पडतात. चांगला एसएमपीएस घेऊन तो जुन्या इन्व्हर्टरला जोडला तर दोष एसएमपीएसचा वाटतो.

अर्थिंग आणि न्यूट्रल

कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येणे हा अनुभव सार्वत्रिक आहे. फिल्टरमधले दोन लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांना पेटीच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर सुमारे अर्धे, म्हणजे ११५ व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी अल्प, पण जाणवणारा. एसएमपीएस बिघडला आहे असे यावरून ठरवणे चूक. हा निरोप अर्थिंगचा असतो. कोळसा आणि मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा ओल असेपर्यंतच चांगले काम करतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जमीन खोलवर सुकते आणि खड्ड्यात पाणी घालायचे कोणाला सुचत नाही, कारण ते पिण्यालाच कमी असते. आकाशातल्या विजांचा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतो, आणि तेव्हाच हे संरक्षण सर्वांत दुबळे असते.

न्यूट्रल तुटणे याहून गंभीर. तीन फेजच्या वाहिनीवर न्यूट्रल सुटला तर काही घरांत व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकते. रेक्टिफायरनंतर ते सुमारे ५६५ व्होल्ट होते, तर प्राथमिक कपॅसिटरची सहनशक्ती ४०० ते ४५० ची. व्हॅरिस्टर आणि फ्यूज असतील तर ते स्वतः जाऊन बाकीचे वाचवतात; पैसे वाचवण्यासाठी व्हॅरिस्टरची जागा रिकामी सोडलेली असेल तर कपॅसिटर फुटतो.

परीक्षण

दुरुस्तीच्या टेबलावरची रूढ चाचणी म्हणजे मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार जोडायची आणि पंखा फिरतो का बघायचे. यावरून एसएमपीएस जिवंत आहे एवढेच कळते. मल्टिमीटर १२.१ व्होल्ट दाखवतो तेही भार नसताना, आणि लहर तर त्याला दिसतच नाही. १२ व्होल्टमध्ये ५ टक्के वर-खाली, म्हणजे ११.४ ते १२.६, चालते; पण ते पूर्ण भारावर आणि पेटी तापल्यावर मोजले पाहिजे.

प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक लोडवर १० ते ११० टक्के भार पायरीपायरीने चढवतात, ऑसिलोस्कोपवर लहर पाहतात आणि पेटीला ४५ ते ५० अंशांच्या बंदिस्त कपाटात ठेवून सगळे पुन्हा मोजतात. तालुक्याच्या गावी ही साधने नसतात, पण त्यांतला विचार वापरता येतो: संगणक दुपारी दोन तास पूर्ण भारावर चालवून, तापलेला असतानाच १२ व्होल्टची तार मोजणे आणि मागून निघणाऱ्या हवेचे तापमान खोलीच्या तापमानाशी ताडून पाहणे. फरक २० अंशांच्या वर असेल तर हवा अडलेली आहे किंवा भार पेटीला झेपत नाही.

बाहेरून दिसणाऱ्या खुणा

पेटी न उघडता थोडे कळते. वजन हा ढोबळ पण उपयोगी संकेत. जाड हीटसिंक, फिल्टरची वेटोळी आणि मोठा कपॅसिटर यांना वजन असतेच. जाळीतून आत पाहिल्यास हीटसिंक पातळ पट्टीचा आहे की पंखेदार हे दिसते. तारांची जाडी, १२ व्होल्टचे अँपिअर, क्षमता किती अंशांना दिली आहे याचा उल्लेख, हमीची वर्षे: यांतली शेवटची खूण कमी लेखू नये, कारण कपॅसिटरचे आयुष्य उत्पादकाने स्वतः किती धरले आहे ते तीत उमटते. स्वतंत्र विकल्या जाणाऱ्या एसएमपीएसला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी अनिवार्य आहे. तिचा 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक लेबलवर असतो. ही नोंदणी विद्युत सुरक्षिततेची हमी आहे, थंड राहण्याची किंवा वॅटच्या खरेपणाची नाही.

सफाई

वर्षातून दोनदा, कापसाचा हंगाम सरल्यावर आणि एप्रिलच्या सुरुवातीला, ब्लोअरने बाहेरूनच धूळ काढणे पुरते. त्या वेळी पाते काडीने धरून ठेवावे लागते. ब्लोअरच्या झोताने पंखा मर्यादेपलीकडे फिरला तर बेअरिंग झिजते. पेटी उघडली की हमी जाते, आणि हमी संपलेली असली तरी प्लग काढल्या काढल्या झाकण उघडणे धोक्याचे असते. प्राथमिक कपॅसिटरमधले तीनशेहून जास्त व्होल्ट उतरवणारा रेझिस्टर प्रत्येक पेटीत बसवलेला असतोच असे नाही.